हौशीरामचे चिंचोके

चैत्रातली लोणावळ्याची सकाळ मोठी लबाड. पहाटे घाटातून असा गार वारा वर येतो की घोंगडी सोडवत नाही, आणि दोन घटका ऊन झालं की तेच रूळ तव्यासारखे तापून बसतात. म्हणून गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांची तेलपाण्याची कामं उन्हाच्या आधी उरकायची. हौशीराम पाइंटमन एका हातात तेलाचं डबडं आणि दुसऱ्या हातात चिंध्यांचं गाठोडं घेऊन यार्डात उतरला, तेव्हा लोहगडाच्या अंगाला नुसतं तांबडं फुटत होतं.

एकेका सांध्यापाशी तो उकिडवा बसायचा. पात्याखाली अडकलेली खडी बोटानं उकरायची, जुनं काळं वंगण पुसायचं, नवं तेल सोडायचं आणि केबिनीकडे तोंड करून आरोळी ठोकायची, "दत्तोबाऽ, टाक!" वर केबिनीत दत्तोबा दांडा ओढायचा. लोखंडी पातं सरसरत येऊन रुळाला खट्दिशी चिकटायचं.

"बसलंऽ! कुलूप बी बसलं! दोन्ही खरी, म्हंजी समदं वाक्य खरं!"

"आरं, नुसतं बसलं म्हन की!" दत्तोबानं खिडकीतून डोकं काढलं. "येवढं कीर्तन कशाला? आन आज तुजं ध्यान कुटं हाय? त्याच सांध्याला दोनदा तेल घातलंस."

हौशीरामनं खाली बघितलं. खरंच, तेल खडीवरून ओघळत होतं. त्याचं ध्यान होतं वाडीतल्या एका बोकडापाशी. बोकडाचं नाव तुऱ्या. उद्या जाखमातेची जत्रा, आणि आज सांजच्याला देवळापुढे ठरणार होतं की उद्या तुऱ्या जगायचा की मानाच्या हंड्यात जायचा. हौशीरामच्या मते या सवालाचा जबाब तयार होता. कंबरेच्या चंचीत, सुपारीच्या खांडांशेजारी.

त्या चंचीत काय होतं, ते सांगायचं तर आदल्या श्रावणात जावं लागेल.

घाटात विजेची इंजिनं येऊन तेव्हा दोन-तीन पावसाळे झाले होते. हौशीरामची वाडी स्टेशनाच्या खालच्या अंगाला. वाटणीत आलेली भातखाचरं धाकट्या भावाला देऊन हा रेल्वेत चिकटलेला. अंगानं फणसाच्या खोडासारखा, आवाज ढोलासारखा, आणि मन मात्र लहान पोराचं. नवीन काही दिसलं की मागं लागायचं. एकदा तो कंदिलाची काच कापायला शिकला आणि घरातल्या सगळ्या काचा संपेपर्यंत थांबला नाही. एकदा हलगी शिकला; तेव्हा शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं, असं बायको रतनबाई अजून सांगते.

बाजारात फकरुद्दीनचं गोटीसोड्याचं दुकान होतं. फकरुद्दीनला बापानं हौसेनं पुण्याला कॉलेजात धाडलं होतं. वर्षभर शिकला, तेवढ्यात बाप गेला, आणि पोरगा परत येऊन बाटल्या भरायला बसला. त्या वर्षातलं इंग्रजी, इतिहास सगळं सोड्याच्या फेसासारखं उडून गेलं. डोक्यात एकच विषय उरला, तर्कशास्त्र. आता लोणावळ्यात श्रावणात पाऊस असा की माणसाला पाणी बघून शिसारी यावी; सोडा कोण पिणार? फकरुद्दीन फळीवर पाय घेऊन जुनं पुस्तक वाचत बसायचा आणि ड्यूटी सुटल्यावर इरल्यातून पाणी गाळत हौशीराम तिथे येऊन टेकायचा.

"फकरूभाई, येवढं काय असतं रं त्या पुस्तकात?"

"वाक्य खरं की खोटं, ते ठरवायची रीत."

"त्याला पुस्तक कशाला लागतंय? बायकुला इचारायचं."

फकरुद्दीन हसला. त्यानं दुकानामागच्या चिंचेखालचे दोन चिंचोके आणले, दगडावर फोडून एकेकाच्या दोन-दोन डाळिंब्या केल्या. मुली खेळायला करतात तशाच. पाठ काळी, पोट पांढरं.

"हे बघ. पांढरी बाजू वर, म्हणजे खरं. काळी वर, म्हणजे खोटं. आता मी म्हणतो, पाऊस पडतोय आणि दुकानात गिऱ्हाईक आहे."

"पाऊस हाय. पांढरा." हौशीरामनं एक चिंचोका ठेवला. "गिऱ्हाईक... मी हाय की."

"तू कधी काही विकत घेतलंयस?"

"मग काळा," हौशीराम निर्मळपणे म्हणाला.

"एक पांढरा, एक काळा. मधे 'आणि' आहे. सबंध वाक्य कसं?"

हौशीरामनं डोकं खाजवलं आणि मग एकदम मांडीवर थाप मारली. "खोटं! आरं, ही तर आमची केबिन! सांधा बसला पर गेट उघडं ऱ्हायलं, तर सिगनलचा हात पडत न्हाई, गाडीला वाट मिळत न्हाई. दोन्ही पायजेत! येकानं भागत न्हाई!"

"आणि 'किंवा' असेल तर?"

"तर येक पांढरा असला तरी बास. दोन्ही काळे पडले तरच खोटं. व्हय ना?"

फकरुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजात ही गोष्ट त्याला स्वतःला समजायला फार दिवस लागले होते, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं आणि कुणालाच फुकट न मिळणारा सोडा हौशीरामला फुकट पाजला.

पण 'जर-तर'पाशी गाडी अडली. फकरुद्दीन म्हणाला, "उद्या जर ऊन पडलं, तर तुला सोडा पाजीन."

दुसऱ्या दिवशी ऊन कसलं, समोरचं दुकान दिसेना एवढं धुकं. हौशीराम सवयीनं आला. फकरुद्दीननं न बोलता बाटलीतली गोटी अंगठ्यानं दाबली आणि फसफसती बाटली त्याच्यापुढे धरली.

"आरं, पर ऊन कुटं पडलंय?"

"नाही पडलं."

"मग सोडा दिलास म्हंजी तू खोटा पडलास!"

"कसा? ऊन पडलं असतं आणि मी सोडा दिला नसता, तर मी खोटा. ऊन पडलंच नाही, तर मी दिला तरी खरा, नाही दिला तरी खरा. ऊन नसताना काय करणार, याबद्दल मी तोंड तरी उघडलं होतं का?"

हौशीरामला हे पटेना. सोडा त्यानं पिऊन टाकला, पण मान हलवत राहिला. "न्हाई भाई. सांधा बसला तर हात पडंल, आन सांधा न्हाई बसला तर हात पडताच कामा नये. न्हाईतर गाडी रुळाखाली. 'तर'चा अर्थ त्योच."

"तुझ्या केबिनीत तोच. माणसाच्या शब्दात तोच असेल असं नाही."

"शबुद काय आन दांडा काय," हौशीराम म्हणाला आणि इरलं डोक्यावर घेऊन निघाला. पुढं किती वेळा फकरुद्दीननं चार तऱ्हांनी चिंचोके मांडून दाखवले. पांढरा-पांढरा, पांढरा-काळा, काळा-पांढरा, काळा-काळा. तीन तऱ्हा हौशीराम सहज ओळखायचा. 'जर' काळा आणि 'तर' पांढरा पडला की मात्र त्याचा केबिनवाला जागा व्हायचा आणि तो सिगनल पाडू द्यायचा नाही.

ते राहिलं तसंच. बाकीचा सराव मात्र जोरात सुरू झाला, आणि तो सगळा वाडीच्या जिवावर.

रतनबाईनं चुलीपासून हाक मारली, "अवं, भाकरी झाली आन कोरड्यास झालं, या जेवाय," की हा आधी तव्यात डोकावणार, मग कढईत. "कोरड्यास अजून शिजतंय. म्हंजी तू बोललीस ते समदंच खोटं."

"आन भाकरी? ती दिसंना व्हय?"

"भाकरी खरी हाय. पर मदी 'आन' हाय ना."

"त्या 'आन'ला घाला चुलीत! भाकरी घ्यायची असंल तर घ्या, न्हाईतर चिंचोकं चावा!"

यावर हौशीराम खूश. "हे बग, हे खरं! 'न्हाईतर' म्हनलीस ना, दोनातलं येक झालं तरी भागतंय!" आणि भाकरी ओढून घ्यायचा.

बाजारात माळीण म्हणायची, "वांगी ताजी हायती आन बिनकिडीची हायती." हा एक उचलून, उलटं करून, भोक दाखवून चंचीतून चिंचोके काढायचा. माळीण पुढं त्याला लांबून बघितलं की पाटीवर फडकं ओढायला लागली. देवळातल्या पारावर कुणी थाप मारली की हा मांडी घालून बसला, "थांब, येकेक तुकडा घिऊ." लोक वैतागायचे, पण करमणूकही व्हायची. पंचायतीत भावाभावांचं भांडण आलं की कुणीतरी म्हणायचंच, "बोलवा रं त्या खरं-खोटं हौशीरामला." आणि तो ड्यूटीचा काळा कोट घालून यायचा. एका भावानं म्हणायचं, बांध मी कोरला नाही आणि पाणीही मी फोडलं नाही. हौशीरामनं दोन चिंचोके मांडायचे, लोकांनी एकेक उलटायचा. भांडण मिटायचं असं नाही, पण कशावरून चाललंय ते तरी कळायचं.

अशा माणसाच्या शेजारी बयाबाई राहायची, ही तुऱ्याच्या नशिबाची गोष्ट. चांगल्या की वाईट, ते त्या सांजेपर्यंत नक्की नव्हतं.

बयाबाई नात्यानं हौशीरामची चुलती, नवऱ्यामागं एकटी राहिलेली. तिला एकुलता एक लेक, महिपती. हा गडी मागल्या जत्रेच्या दोन महिने आधी कशावरून तरी आईशी भांडला आणि देशावर कुठल्याशा गुऱ्हाळात कामाला म्हणून पळाला. मग ना निरोप, ना सांगावा. बयाबाईनं त्या जत्रेत भरल्या देवळात पदर पसरला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा नवस बोलली, "आई जाखमाते, जर माजा महिपती दिवाळीच्या आत घरला आला आन हातीपायी धड आला, तर फुडच्या जत्रंला तुला बोकड देईन!"

त्या वेळी तिच्या दारात मेलेल्या शेळीचं एक पिल्लू होतं. कपाळावर केसांचा झुपका. देवीच्या नावानं तिनं त्याच्या कानाला कुंकू लावलं आणि ते वाढवायला घेतलं. बोळ्यानं दूध पाजलं. थंडीत पदराखाली घेतलं. रिकाम्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मग लेकाला सांगायच्या गोष्टी ती तुऱ्याला सांगायला लागली. तुऱ्याही असा शहाणा की ती रडायला लागली की येऊन तिचा पदर चघळायचा, म्हणजे तिला उठून ओरडावंच लागायचं.

दिवाळीच्या चार दिवस आधी महिपती आला. आला तो डाव्या हाताला उपरणं गुंडाळून. गुऱ्हाळात चरकात ऊस सारताना दोन बोटं गेली होती. बयाबाईनं लेकाला कवटाळलं, हाताकडे बघितलं आणि उपरणं परत नीट गुंडाळलं. त्या दिवसापासून ती बोटं गेलीच नाहीत, असं तिनं ठरवून टाकलं. कुणी विचारलं की म्हणायची, "जराशी जकम हाय, भरंल." वाडीला सगळं ठाऊक होतं. वाडी गप्प होती, कारण महिपतीच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. सोमाटण्याचा रखमाजी आपल्या पोरीसाठी जत्रेला पाहुणा म्हणून येणार होता.

आणि जत्रा जवळ आली तसा अंबाजी आबा बयाबाईच्या दारात येऊन तुऱ्याच्या फऱ्यांवरून हात फिरवायला लागला. अंबाजी आबा जत्रेचा मानकरी. हंडा त्याच्या घरचा, मसाला त्याच्या सुनेचा.

"बया, पोरगा आला ना दिवाळीच्या आत? मग नवस फेडायचा."

"व्हय आबा," बयाबाई म्हणायची, आणि अंबाजी गेला की तुऱ्याच्या गळ्यात पडायची.

हौशीरामला हे बघवेना. त्यानं पडवीत चिंचोके मांडले. "रतने, हे बग. महिपती आला, पांढरा. हातीपायी धड आला, काळा. मदी 'आन' हाय. नवसाचा 'जर'च खोटा! नवस लागूच व्हत न्हाई! तुऱ्या सुटला!"

रतनबाई भांडी घासत होती. तिनं हात थांबवला नाही. "त्या काळ्या चिंचोक्याखाली कुनाची बोटं हायती ते आदी बगा. आन मग सांजच्याला तोंड उघडा."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाई. तुमच्या पुस्तकात ते नसंल."

हौशीरामनं त्याचा विचार केला असता. पण त्याच्या पोटात वाक्य तयार झालं होतं आणि तयार वाक्य पोटात ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

सांजच्याला देवळापुढं माणसं जमली. गुलाल, पानाचे विडे, ढोल शेकायला पेटवलेला जाळ. एका बाजूला फकरुद्दीन हातगाडीवर सोड्याच्या बाटल्या लावून उभा. जत्रेत तो दर साली यायचा. पाहुण्यांच्या घोंगडीवर सोमाटण्याचा रखमाजी मिशा सावरत बसलेला, त्याच्या समोर महिपती, डावा हात उपरण्यात. बयाबाई दोरी धरून कडेला, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुऱ्या. तो अंबाजी आबाच्या मुंडाशाच्या लोंबत्या शेवाकडे एकटक बघत होता.

अंबाजी आबानं खाकरून सुरुवात केली. "बयाचा नवस समद्यांनी ऐकलाय. पोरगा आला. तवा उद्या पयला मान तिच्या बोकडाचा."

"थांबा आबा!" हौशीराम काळा कोट झटकत पुढं झाला. "नवसाचं दोन तुकडं व्हतं." त्यानं देवळाच्या पायरीवर पहिला चिंचोका ठेवला. "महिपती दिवाळीच्या आत आला. हे खरं. पांढरा."

"व्हय!" माणसांनी गिल्ला केला. मोठी मजा होती.

"दुसरा तुकडा. महिपती हातीपायी धड आला." आणि हौशीरामनं दुसरा चिंचोका असा आपटला की आवाज झाला. "काळा!"

कुणीच गिल्ला केला नाही. ढोल शेकणारा शेकायचा थांबला. हौशीराम हसऱ्या तोंडानं सगळीकडे बघत होता, आणि त्याचं हसू एकेका तोंडाला लागून परत येत होतं. मग त्याला घोंगडीवरचा रखमाजी दिसला. मग महिपतीची खाली गेलेली मान. बायकांच्या घोळक्यात रतनबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आणि तेव्हा कुठं हौशीरामला कळलं, तिनं भांडी घासताना काय सांगितलं होतं.

"कोन म्हनतंय धड न्हाई?" बयाबाई कडाडली. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा आला देव जाणे. "माजा ल्योक धड हाय! डोस्क्यापासनं नखापातुर धड हाय! हौशा, तुजा त्यो चिंचोका घाल खड्ड्यात. दोन्ही पांढरं हायती! नवस लागला! घ्या, घ्या ह्यो बोकड!" आणि तिनं दोरी अंबाजी आबाकडे भिरकावली. दोरी मात्र दोन पावलांवरच पडली. तुऱ्या काही हलला नाही. त्यानं पुढं होऊन आबाच्या मुंडाशाचा शेव तोंडात घेतला.

हौशीरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो पायरीवर वाकला, चिंचोके गोळा करायला. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याच्या आधी पोचला. त्या हाताला तीन बोटं होती.

महिपतीनं उपरणं खांद्यावर टाकलं होतं. त्यानं काळा चिंचोका उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि परत काळाच ठेवला.

"आये, बोटं चरकात गेली. हे खरं हाय. आता खोटं बोलून बोकड कापला तर ती उगवनार हायती व्हय?"

"तू गप रं!" बयाबाई त्याच्या हातावर उपरणं ओढायला लागली. "पावनं बसलंत..."

"बसू दे की. पोरगी देनार ते हात बगूनच देतील. कवर उपरन्यात घालून ऱ्हाऊ? मांडवात काय उपरन्यासकट हार घालू?"

आता सगळ्या वाडीची तोंडं रखमाजीकडे वळली. रखमाजीनं मिशीवरून बोट फिरवलं. "आरं, मी सकाळधरनं बगतोय. पोरगं पानाला चुना बी येकाच हातानं लावतंय. मला वाटलं, खरूज-बिरूज तर न्हाई? रातच्याला हितनं पळायचं ठरवलंतं मी." त्यानं हात पुढं केला, महिपतीचा पंजा उलटापालटा करून बघितला, बैलाचा खूर बघावा तसा. "नांगर धरता येतोय?"

"धरतोय की. भात बी झोडलंय यंदा."

"मग ऱ्हायलं काय? तीन बोटांनी जेवत न्हाईत व्हय मान्सं?"

एकदम हशा फुटला, आणि हौशीरामनं मान वर केली. पण अंबाजी आबाचा मसाला वाटून झाला होता. "ते समदं ऱ्हाऊ द्या. पोरगा आला तर आला ना? निम्मा नवस तरी खरा झाला!"

"मग निम्मा बोकड द्या!" घोळक्यातून आवाज आला.

"म्होरला का मागला?"

"आबास्नी मागला, फऱ्याचा!"

बयाबाई हसली नाही. तिनं दोरी परत उचलली होती, पण चेहरा भेदरलेला. ती देवीकडे बघत होती. "हौशा, तू मला खरं सांग. न्हाई दिला तर आई कोपंल का? आन मगाशी खोटं बोलून घ्या म्हनलं, तसा दिला तर कोपंल का?"

हौशीरामच्या तोंडात उत्तर तयार होतं. सांधा बसला नाही, म्हणजे सिगनल पडता कामा नये. 'जर' खोटा, म्हणजे बोकड देताच येणार नाही, दिलास तर पाप. तसं म्हटलं असतं तर तुऱ्या नक्की सुटला असता. पण त्याच आपल्या पक्क्या उत्तरांनी मघाशी काय केलं, ते त्याला ताजं आठवत होतं. ह्या वेळी त्यानं आधी बयाबाईच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे असे की दिला तरी जन्मभर भ्यायची, नाही दिला तरी जन्मभर भ्यायची.

हातगाडीपाशी फकरुद्दीननं एका बाटलीची गोटी दाबली. फस्स्. आणि हौशीरामला धुक्यातला तो सोडा आठवला. ऊन पडलं नव्हतं. सोडा मिळाला होता. आणि फकरुद्दीन खोटा नव्हता.

"काकी," तो हळू म्हणाला. त्याचा हळू आवाजही पाहुण्यांपर्यंत गेला. "महिपती धड आला असता आन तुमी बोकड दिला नसता, तर तुमी खोट्या. तेवढी येकच वाट खोट्याची. तशी गत न्हाई. आता दिला तरी तुमचा शबुद खरा, न्हाई दिला तरी खरा. धड न्हाई आला तर काय करीन, हे तुमी देवीला बोललाच न्हाई. तिनं तुमाला मोकळं सोडलंय."

"मोकळं?"

"मोकळं. आता कुनाला इचारायचं न्हाई. मला न्हाई, आबास्नी न्हाई. तुमाला काय द्यावं वाटतंय ते द्या."

बयाबाईनं दोरी हाताला गुंडाळली. मग ती पायऱ्या चढली, तुऱ्या मागून. देवीपुढं तिनं नारळ ठेवला, कुंकवाची चिमूट उचलली, देवीला लावली, महिपतीला हाक मारून त्याच्या तुटक्या बोटांच्या मुळाशी लावली आणि उरलेली तुऱ्याच्या झुपक्यावर पुसली.

"आई, लेक जसा दिलास तसा घेतला," ती म्हणाली. "बोकड माजाच ऱ्हाऊ दे. त्येच्याशी बोलायची सवं लागलीया मला."

अंबाजी आबानं निःश्वास टाकला. "मग उद्या जत्रंला रस्सा कशाचा?"

"वाटान्याचा!" त्याची सूनच म्हणाली, आणि आबाला मुंडाशाकडे हात नेल्यावर कळलं की शेवाची वीतभर जर तुऱ्याच्या पोटात गेली आहे.

त्या वैशाखात महिपतीचं लग्न झालं आणि तुऱ्यानं मांडवाचं आंब्याच्या पानांचं तोरण, तोंड पोचलं तिथवर, खाऊन टाकलं. पुढं तो दाढी वाढवून, कुणालाही शिंगावर घेत, म्हातारा होऊन गेला. हौशीरामनं चिंचोके सोडले नाहीत. फक्त एक फरक पडला. काळा चिंचोका ठेवायच्या आधी तो आता जराशी मान वर करून भोवतालची तोंडं बघून घ्यायचा. कधी कधी तो चिंचोका तसाच मुठीत धरून चंचीत परत जायचा, आणि लोक म्हणायचे, हौशीरामला हल्ली पयल्यावानी येत न्हाई.

पण ते पुढचं. त्या सांजेला देवळातून घरी येताना त्याला वाटत होतं, रतनबाई काहीतरी बोलेल. तिनं नुसतं ओट्याकडे बोट केलं. ओट्यावर रिकामी घागर होती आणि अंगणात न फोडलेला ओंडका.

"लाकडं फोडा न्हाईतर पानी आना," ती म्हणाली.

हौशीराम ओट्यावर टेकला, चंची सोडली, सुपारी कातरली. "न्हाईतर म्हनलीस. म्हंजी दोनातलं येक केलं तरी..."

"अवं, चुकलं माजं." रतनबाईनं घागर उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "लाकडं फोडा आन पानी आना."

हौशीरामनं सुपारी तोंडात टाकली. आडावर आता जत्रेच्या पाहुण्यांची गर्दी असणार; पाणी मागाहून. त्यानं घागर खाली ठेवली, कुडातून कुऱ्हाड ओढली, हातावर थुंकून ओंडक्यावर पाय दिला आणि पहिला घाव घातला.